क्लॅन गॅदरिंगमध्ये बॅगपाइप नेमकं काय काम करतो

प्रश्न असा आलाय की ऑगस्टमध्ये फॅमिलीसोबत स्कॉटलंडला येतोय, एका क्लॅन गॅदरिंगची, म्हणजे स्कॉटिश कुळांच्या मेळाव्याची, तिकिटं काढलीयत, तिथे दिवसभर बॅगपाइप वाजतात ते टुरिस्टांसाठी केलेलं नाटक आहे की त्याला खरंच काही अर्थ असतो, सगळ्या ट्यून एकसारख्याच का वाटतात, आणि जाता जाता, दहा वर्षांच्या मुलाला शिकायचंय तर काय करावं.

आधी मी कोण ते सांगतो. पाइप शिकलो तो आपल्या पायदळाच्या एका पलटणीत, उस्तादाच्या शिव्या खात, आणि रिटायर झाल्यावर मुलीकडे ग्लासगोजवळ आलो तेव्हा इथल्या एका छोट्या लोकल बँडमध्ये शिरलो. ग्रेड फोर-बी, म्हणजे जवळजवळ सगळ्यात खालची पायरी, तेव्हा मोठा कलाकार वगैरे समजू नका. पण गॅदरिंगच्या मैदानावर दोरीच्या आतल्या बाजूने बरंच उभं राहिलोय, त्यामुळे तिकडून काय दिसतं ते सांगू शकतो.

नाटक आहे का? थोडं आहे, नाही कशाला म्हणू. पण पाइपर तिथे बॅकग्राउंड म्युझिकसाठी नसतो हे पहिलं डोक्यात घ्या. तो माणसं बोलावतो, रांग हलवतो, मान देतो आणि गेलेल्यांसाठी वाजवतो. ह्या प्रत्येक कामाच्या ट्यून वेगळ्या, आणि बऱ्याच ट्यून कुठल्या ना कुठल्या क्लॅनच्या मालकीच्या असल्यासारख्या आहेत. म्हणून कोणती ट्यून, कुणासमोर, कधी, हे जो चुकतो त्याची बोटं कितीही साफ असू देत, म्हातारे लोक तोंड फिरवतात.

आता हे असं का ते समजायला जुनी व्यवस्था बघावी लागेल. हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, मोठ्या क्लॅनचा चीफ म्हणजे जमीनदार, न्यायाधीश आणि सेनापती तिन्ही एकच. त्याच्या पदरी कवी असायचा, हार्प वाजवणारा असायचा आणि पाइपर असायचा, आणि पाइपरचं पद वंशपरंपरागत. स्काय बेटावर डनव्हेगनच्या मॅक्लाउड चीफचे पाइपर मॅक्रिमन घराण्यातले, त्यांना बोरेरेगला जमीन दिलेली, तिथेच ते बाकीच्या क्लॅननी पाठवलेल्या पोरांना शिकवायचे. स्लीटच्या मॅक्डॉनल्ड्सकडे मॅकआर्थर घराणं, मल बेटावरच्या मॅक्लेन्सकडे रँकिन, गेअरलॉखला मॅके. घराणी हा शब्द आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको.

शिकवणं सगळं तोंडी. कँटरेख्त नावाची पद्धत आहे, त्यात प्रत्येक सुराला आणि प्रत्येक बोटाच्या झटक्याला एक अक्षर असतं, गुरू गातो आणि शिष्य गाऊन पाठ करतो, अगदी आपल्या तबल्याचे बोल तोंडाने म्हणतात तसं. नोटेशन फार नंतर आलं. मला पलटणीत कागदावरून शिकवलं होतं, इथे आल्यावर एका म्हाताऱ्या मास्तरांनी कागद बाजूला ठेवायला लावला आणि गाऊन दाखवलं, तेव्हा एकेक ओळ किती वेगळी श्वास घेते ते कळलं. हे मी आजही प्रत्येक नवशिक्याला सांगतो, आधी गा मग फुंक.

सगळं एकसारखं का वाटतं ह्याचं उत्तर वाद्याच्या बांधणीत आहे. बोटं चालतात त्या नळीला चँटर म्हणतात आणि त्यात सूर फक्त नऊ. सा धरला तर खाली मंद्रातला कोमल नि, वर तार सा, आणि मधले सूर साधारण खमाज थाटाचे. संपलं, ह्याच्या वर नाही खाली नाही. खांद्यावर ड्रोन नावाच्या तीन नळ्या, दोन टेनर आणि एक बास, तिन्ही सतत सा धरून असतात, टेनर एक सप्तक खाली आणि बास दोन सप्तकं खाली. कागदावर ह्या सा ला ए लिहितात पण आजकालचे पाइप प्रत्यक्षात काळी पाचच्याही थोडे वर लागतात, म्हणून हार्मोनियमसोबत वाजवायला गेलात तर भांडण ठरलेलं.

त्यातून दोन गोष्टी ह्या वाद्याला करताच येत नाहीत. आवाज कमी-जास्त करता येत नाही, आणि थांबता येत नाही. पिशवी दाबलेली आहे तोवर चँटर बोलतच राहणार. मग तोच सूर दोनदा वाजवायचा असेल तर मध्ये फट कशी पाडायची? तर दुसऱ्या बोटाने एक अगदी क्षणभराचा सूर मध्ये मारायचा, त्याला ग्रेसनोट म्हणतात, आणि ह्या ग्रेसनोट्सचे गुच्छ बांधलेले आहेत, डबलिंग, ग्रिप, बर्ल, तोर्लुआ, क्रुन्लुआ अशी नावं. जोर द्यायचा तो आवाज वाढवून देता येत नाही, सूर लांबवून आणि त्याच्या आधी हे गुच्छ मारून द्यायचा. ज्याच्या कानाला हे गुच्छ ऐकू येत नाहीत त्याला सगळं एकाच पट्टीतलं भोंगाट वाटणार, त्यात त्याचा दोष नाही. तुम्ही गॅदरिंगला याल तेव्हा चाल ऐकायच्या आधी ह्या झटक्यांकडे कान लावा, अर्ध्या तासात फरक कळायला लागेल.

पाइपचं संगीत दोन भागात पडतं. एक छोटं, म्हणजे मार्च, स्ट्रॅथस्पे, रील, जिग, हे बँडचं आणि नाचाचं. दुसरं मोठं, त्याला पिब्रॉख म्हणतात, आणि क्लॅनचा खरा जीव ह्यात आहे. पिब्रॉखमध्ये आधी एक संथ मूळ चाल येते, तिला उर्लार म्हणजे जमीन म्हणतात, मग तिच्यावर एकावर एक चढत जाणारे बदल, दर टप्प्याला बोटांचं काम जास्त गुंतत जातं, शेवटी क्रुन्लुआला बोटं दिसेनाशी होतात, आणि मग परत ती जमीन वाजवून संपवायचं. दहा मिनिटं ते वीस मिनिटं सहज. ह्यातच गॅदरिंग नावाचा एक प्रकार आहे, म्हणजे क्लॅनला जमा व्हायची हाक. सॅल्यूट आहे, चीफच्या किंवा पाहुण्याच्या मानासाठी. लमेंट आहे, मेलेल्यासाठी. आणि लढाईच्या नावाच्या ट्यून आहेत.

एका ट्यूनवर दोन-दोन क्लॅनचे दावे असतात आणि ती भांडणं पाचशे वर्षं चालू आहेत. काळ्या डोनाल्डची एक प्रसिद्ध पिब्रॉख आहे, मॅक्डॉनल्ड म्हणतात की ती १४३१ च्या इनव्हर्लॉखीच्या लढाईतली आमच्या डोनाल्ड बॅलॉखची, कॅमेरॉन म्हणतात की डोनाल्ड डू आमचा चीफ होता, ट्यून आमची. मी एकदा कॅमेरॉनच्या तंबूशेजारी उभं राहून मॅक्डॉनल्डची बाजू मांडणारा माणूस बघितलाय, तासभर कुणी हटलं नाही आणि शेवटी दोघांनी मिळून व्हिस्की प्यायली. पण सगळंच असं हसण्यावारी जात नाही. १६९२ च्या फेब्रुवारीत ग्लेनकोला कॅम्पबेल कॅप्टनच्या हाताखालच्या सैनिकांनी ज्यांच्या घरी पाहुणचार घेतला त्याच मॅक्डॉनल्ड्सना पहाटे मारलं, आणि तिथल्या एका हॉटेलात कॅम्पबेलना प्रवेश नाही अशी पाटी अजून आहे. आता ती गंमत म्हणून आहे, तरी मॅक्डॉनल्ड्सच्या जेवणात कॅम्पबेलचा मार्च काढायला मला कुणी पैसे दिले तरी मी काढणार नाही.

आता १७४६. हे सगळीकडे चुकीचं सांगितलं जातं म्हणून जरा थांबतो. १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या माळावर पदच्युत स्टुअर्ट राजघराण्यासाठी लढणारं जॅकोबाइट सैन्य हरलं, त्यानंतर सरकारने हायलँड्समधली हत्यारं काढून घेतली आणि पुरुषांच्या किल्टवर आणि टार्टनवर, म्हणजे चौकड्यांच्या कापडावर, बंदी घातली, ती १७८२ ला उठली. टूर गाइड सांगेल की बॅगपाइपवरही बंदी होती. कायद्यात बॅगपाइपचं नावच नाही. लोकांना असं का वाटतं तर जेम्स रीड नावाचा एक पाइपर पकडला गेला होता, त्याने यॉर्कच्या कोर्टात सांगितलं की मी हत्यार उचललं नाही, मी फक्त पाइप वाजवला. कोर्ट म्हणालं हायलँड रेजिमेंट पाइपरशिवाय कधी निघत नाही, तेव्हा पाइप हेच युद्धाचं साधन, आणि त्याला फाशी दिली. गंमत म्हणजे १९९६ मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर परवानगीशिवाय वाजवल्याबद्दल एका पाइपरला कोर्टात ओढलं तेव्हा त्याने हाच निकाल पुढे केला, की हे वाद्य नाहीच, हत्यार आहे, त्यामुळे वाद्य वाजवण्याचा नियम मला लागू नाही. कोर्टाने ऐकलं नाही, दंड भरावा लागला.

पण पाइपिंगचं खरं नुकसान बंदीने झालंच नाही, पैशाने झालं. कलोडननंतर चीफचे न्यायाचे आणि फौज उभी करायचे अधिकार गेले, तो साधा जमीनदार उरला, आणि साध्या जमीनदाराला पदरी पाइपर कशाला हवा? त्याला भाडं हवं. मॅक्रिमन, रँकिन ही घराणी अठराव्या शतकाच्या शेवटाकडे विझत गेली. पुढे मेंढ्यांसाठी गावंच्या गावं उठवली, लोक कॅनडाला गेले, आणि नोव्हा स्कोशियात पाइप राहिला तो नाचासाठी, क्लॅनच्या हाकेसाठी नाही.

ज्यांनी पाइप पुढे नेला त्यात मोठा वाटा ब्रिटिश आर्मीच्या हायलँड रेजिमेंट्सचा, आणि इथे आपला मुलूख मध्ये येतो. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई, आत्ताच्या जालना जिल्ह्यातली, शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेविरुद्ध इंग्रज सेनापती वेलस्लीच्या बाजूला ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलँड रेजिमेंट होत्या, त्यातल्या ७४ व्या रेजिमेंटची तर आपल्या तोफांनी भयंकर कत्तल केली. ७८ व्या रेजिमेंटची एक गोष्ट तिच्या इतिहासात सांगतात. असईला वादकांना हुकूम झाला की जखमी उचला, एका पाइपरला वाटलं आपणही त्यात आलो, त्याने पाइप ठेवला आणि जखमी उचलायला गेला. नंतर सोबत्यांनी त्याला सोडलं नाही, की बासरीवाले मागे गेले तर चालतं पण पाइपर लढाईच्या मध्यात हवा, तू त्यांच्याबरोबर कसा गेलास. बिचारा मेल्याहून मेला. दोनच महिन्यांनी, २९ नोव्हेंबरला आपल्या अकोल्याकडच्या अडगावच्या लढाईत त्याने असा काही पाइप फुंकला की माणसं ओळ मोडून वेळेआधीच धावायला लागली आणि कर्नलला त्याला गप्प करावं लागलं. जखमी उचलणं चांगलंच काम हो, पण पाइपरची जागा ठरलेली होती, आणि ती सोडली हे लोकांना सहन झालं नाही. आपल्या पायदळात आज इतके पाइप बँड आहेत ते ह्याच परंपरेतून आलेले, २९ जानेवारीला बीटिंग रिट्रीट बघता ना, तिथे ऐकू येतात तेच.

तर मग तुम्ही जे गॅदरिंग बघायला येताय ते किती जुनं? प्रामाणिकपणे सांगायचं तर बरंचसं गेल्या दोन-अडीचशे वर्षांतलं. लंडनच्या हायलँड सोसायटीने १७८१ ला फॉलकर्कला पिब्रॉखची स्पर्धा भरवली, म्हणजे चीफ गेला आणि त्याच्या जागी जज आला. १८२२ ला राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळ्या चीफना टार्टन घालून या म्हणून सांगितलं, आणि प्रत्येक क्लॅनचा एक ठरलेला टार्टन ही कल्पना त्यानंतर जोरात पसरली. व्हिक्टोरिया राणीला हे सगळं एवढं आवडलं की १८४३ ला तिने अँगस मॅकेला आपला पाइपर नेमला, ते पद आजही आहे. म्हणजे किल्ट, तंबू, झेंडे, बक्षिसं हे व्हिक्टोरियन सजवणं, मला त्यात काही वाईट वाटत नाही, पण त्याला हजार वर्षांची परंपरा म्हणणाऱ्याला मी हसतो. जुनं जे टिकलंय ते ट्यूनमध्ये आहे, आणि ट्यून वापरायच्या रीतीत.

आता प्रत्यक्ष मैदानावर काय बघायचं. सकाळी लवकर या, गर्दी व्हायच्या आत. मैदानाच्या एखाद्या कोपऱ्यात, पार्किंगपासून लांब, एक छोटा लाकडी प्लॅटफॉर्म असेल, समोर टेबलाशी एक-दोन जज पुस्तक उघडून बसलेले, आणि एकटा पाइपर अगदी सावकाश पावलं टाकत वाजवत असेल. तीच पिब्रॉखची स्पर्धा. बघायला चार माणसं आणि एक कुत्रा असतो. तिथे जाऊन उभे राहा, टाळी वाजवायची ती ट्यून संपल्यावर, मध्ये नाही. तो पाइपर सुरुवातीला पाच-दहा मिनिटं नुसता ड्रोन वर-खाली सरकवत बसेल, ते ट्यूनिंग आहे, थंडीत सूर उतरतो, उन्हात चढतो, पावसात काय होईल ते देवाला ठाऊक, आणि स्कॉटलंडमध्ये एका दुपारी हे तिन्ही होतं.

दुपारी क्लॅनची एंट्री असते. प्रत्येक क्लॅन आपल्या झेंड्यामागे, पुढे पाइपर, आणि चीफ आला असेल तर त्याच्या टोपीत गरुडाची तीन पिसं, लहान चीफटनला दोन. ह्या रांगेत मूळ हायलँड्समध्ये राहणारे कमी, अमेरिका-कॅनडा-ऑस्ट्रेलियातून आलेले जास्त, आणि मी सुरुवातीला नाक मुरडायचो की हे काय, आडनाव तेवढं मॅक-काहीतरी. पण एकदा त्यांच्या क्लॅनची ट्यून सुरू झाली की आयुष्यात एकमेकांना न भेटलेली शंभर माणसं एका पावलात चालायला लागतात, पाठ सरळ होते. माणसांना एकत्र हलवायला म्हणूनच ते वाद्य होतं आणि तेवढं काम ते अजून करतं. लोनॅखचं गॅदरिंग बघायला मिळालं तर बघाच, ऑगस्टच्या शेवटाकडे स्ट्रॅथडॉनमध्ये असतं, तिथे हातात भाले घेतलेली माणसं सकाळी पाइपरमागे चालत निघतात आणि वाटेतल्या घरी घरी थांबून व्हिस्की घेत मैदानावर पोचतात. सगळे सरळ रेषेत पोचतात असं काही नाही.

बँडची स्पर्धा वेगळी. बँड गोल करून आत तोंड करून वाजवतो आणि पब्लिकला पाठ दिसते, ह्यावरून बाहेरचे लोक चिडतात. पण आतल्या माणसाला पाइप मेजरची बोटं आणि लीड ड्रमरच्या काठ्या दिसायला हव्यात, नाहीतर वीस चँटर एकत्र कसे सुरू होणार. जज भोवती फिरत असतात. सगळ्यात शेवटी मास्ड बँड्स, म्हणजे सगळे बँड मिळून मैदानभर चालत येतात, तेव्हा मुलाच्या कानात बोळे घाला, खरंच सांगतोय, एक पाइपसुद्धा शंभर डेसिबलच्या पुढे जातो.

संध्याकाळच्या जेवणाला बोलावलं तर नाही म्हणू नका. चीफचा पाइपर टेबलांभोवती वाजवत फिरतो, वाजवून झालं की चीफ त्याला दोन कानांच्या वाटीतून व्हिस्की देतो, पाइपर गेलिकमध्ये, म्हणजे हायलँड्सच्या जुन्या भाषेत, दोन शब्द बोलून एका घोटात संपवतो. एवढ्या पाचएक मिनिटांत चीफ, पाइपर आणि क्लॅन हे जुनं नातं समोर दिसतं.

एक रीत मात्र जपा. फ्लॉडनच्या १५१३ च्या हारीचा एक लमेंट आहे, रानातली फुलं कोमेजली अशा अर्थाचा. तो बरेच पाइपर अंत्यविधीला किंवा शहीदांच्या स्मरणालाच वाजवतात, लोकांसमोर मजेसाठी नाही, सराव करायचा तर दार लावून. तो वाजला की बोलणं बंद, टोपी काढा, टाळ्या नाहीत. बाकी फर्माइश करायची तर करा, हायलँड कॅथीड्रल सगळ्यांना येतं, लग्नापासून गॅदरिंगपर्यंत सगळीकडे वाजतं आणि लोकांना वाटतं ते शेकडो वर्षं जुनं असेल, पण ते १९८२ ला दोन जर्मन माणसांनी केलंय.

आता मुलाचं. दहा वर्षं हे वय बरोबर आहे. पण एडिनबराच्या रस्त्यावरच्या गिफ्ट शॉपमधून चकचकीत पाइप उचलून आणू नका, ते भिंतीला लावायला असतात, त्यात हवा धरत नाही आणि सूर लागत नाही, मग पोराला वाटतं आपल्यालाच जमत नाही. चांगले पाइप आफ्रिकन ब्लॅकवुडचे असतात आणि महाग असतात, त्याची गरज पहिल्या वर्षात नाहीच. आधी प्रॅक्टिस चँटर घ्या, बासरीएवढा असतो, प्लॅस्टिकचा चालेल, लहान हातासाठी आखूड साइज मिळते ती बघा. सहा महिने ते वर्षभर त्यावरच ग्रेसनोट्स घोटायच्या, रोज वीस मिनिटं, रविवारी दोन तास करून चालत नाही. मास्तर हवाच, पुस्तकावरून शिकलेली बोटं नंतर सुधारायला दुप्पट वेळ जातो. तिकडे भारतात रिटायर झालेले फौजी पाइपर शाळांच्या बँडना शिकवतात, तुमच्या शहरात चौकशी करा, नाहीतर ग्लासगोचं नॅशनल पायपिंग सेंटर ऑनलाइन धडे देतं. पुढे पाइप घेतलात तर वाजवून झाल्यावर नळ्या पुसून वाळवायच्या, पिशवी हवेशीर ठेवायची. ओलाव्यात बुरशी धरते, आणि पाइपमधल्या बुरशीने फुप्फुसं जाऊन एक पाइपर दगावल्याची केस २०१६ च्या मेडिकल जर्नलमध्ये आली होती. घाबरू नका, पुसत जा. आणि चँटर घेताना दोन-तीन रीड, म्हणजे आतल्या आवाज काढणाऱ्या पट्ट्या, जास्तीच्या घ्या, झाकण काढून बघायची खोड प्रत्येक पोराला असते आणि पहिली रीड महिन्याभरात कुठेतरी आपटून फुटतेच.